नंदू घाडींचा पासपोर्ट

नंदकुमार घाडींना इंग्रजीतला पहिला शब्द शाळेने नाही, गिरणीने शिकवला. गावच्या शाळेतून चौथी पास होऊन ते मुंबईला आले, परळच्या एका गिरणीत आधी बदली कामगार म्हणून लागले आणि मग कायम झाले. साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या खात्यात. मागाला तिथे सगळे साचा म्हणत. घाडींच्या साच्याच्या बाजूला लोखंडात ओतलेली ठसठशीत अक्षरं होती. शेजारच्या साच्यावरच्या जुन्या कामगाराने, ज्याला सगळे मास्टर म्हणत, ती त्यांना एक एक करून वाचायला शिकवली. ब्लॅकबर्न. साचा जिथे बनला, त्या विलायतेतल्या गावाचं नाव.

दर खंडेनवमीला घाडी ती अक्षरं आधी रॉकेलने पुसत, मग त्यांवर कुंकू लावत आणि झेंडूची माळ घालत. गिरणी बंद पडली, साचे भंगारात गेले. घाडी भांडुपच्या एका कंपनीत स्टोअरमध्ये लागले, तिथूनच निवृत्त झाले, कांजूरमार्गला दोन खोल्यांचं घर झालं. मुलगी श्रुतिका शिकली, मुलुंडला सासरी गेली. सगळं रीतसर झालं. पण खंडेनवमी आली की घरातल्या विळीला, शिवणयंत्राला आणि पान्याला कुंकू लावताना घाडी एकदा तरी म्हणायचेच, "ब्लॅकबर्न कसा असात गो?"

"असात आपल्या भांडुपासारखाच," सुगंधाबाई म्हणायच्या.

यंदा श्रुतिकानेच शोधून काढलं. त्या गावाच्या जवळ एका जुन्या गिरणीचं संग्रहालय केलं होतं आणि तिथे तसलेच साचे अजून चालवून दाखवत होते. तिने मोबाइलवर त्याची फिल्म लावली. खटाखट, खटाखट. घाडींनी मोबाइल कानाला लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"बाबा, काय झालं?"

"तेचो धोटो बरोबर पडना नाय," घाडी म्हणाले. धोटा म्हणजे आडवं सूत घेऊन साच्यात इकडून तिकडे धावणारा लाकडी तुकडा. "आवाजावरनाच कळता."

तिथेच श्रुतिकाने ठरवलं. आठ दिवसांची रजा, बाप आणि लेक. सुगंधाबाईंनी आपणहून अंग काढून घेतलं. "माझे पाय सुजतत. तुम्ही जावा. मी आठ दिवस शांतपणे टीव्ही बघतंय."

अडचण एकच होती. संग्रहालय थंडीत बंद होत होतं, ते थेट उन्हाळ्यात उघडायचं. म्हणजे भाऊबीज झाल्या झाल्या निघायला हवं होतं, आणि त्यासाठी व्हिसा वेळेत हवा होता. श्रुतिकाने दोघांचे अर्ज भरले. बोटांचे ठसे द्यायला आणि कागद दाखवायला दसऱ्यानंतरची तारीख मिळाली. प्रवासाचं कारण या रकान्यात तिने 'पर्यटन' निवडलं.

"साचे बघूक चाललंय, असा लिही," घाडी म्हणाले.

"बाबा, तिथे साच्यांचा रकाना नाहीये. आणि विचारतील तेवढंच सांगायचं असतं. उगाच कथा नाही लावायची."

घाडींना ते पटलं नाही. घाडी म्हणजे गावात देवाला गाऱ्हाणं घालणारं घराणं. सगळ्या गावाच्या वतीने देवापुढे उभं राहायचं आणि मोठ्याने, काही न लपवता सांगायचं, हे या घराण्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं काम. गावी आता ते चुलतभाऊ महादूदादा करतात. घाडींच्या घरात तर कुठलीही नवी वस्तू देवापुढे ठेवल्याशिवाय वापरलेली नाही. श्रुतिकाचं दहावीचं हॉलतिकीट, जावयाच्या स्कूटरची किल्ली, सगळं एकदा गावच्या रवळनाथाच्या पायाशी जाऊन आलेलं.

त्यामुळे समोरच्या बिल्डिंगमधला राजेश, हाही त्यांच्याच गावचा, नवरात्रासाठी गाडी घेऊन गावी निघाला, तेव्हा घाडींनी आपला कोरा करकरीत पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्याच्या हाती दिला.

"झेरॉक्स पाठवा ना," सुगंधाबाई म्हणाल्या.

"देवाक झेरॉक्स? उद्या म्हणशीत, नारळाचो फोटो फोडा."

श्रुतिकाला सांगायची गरज दोघांनाही वाटली नाही. दसऱ्याला राजेश परत येणारच होता.

घटस्थापना झाली आणि श्रुतिकाचा फोन आला. तिच्या बँकेत नेमकं दसऱ्यानंतरच ऑडिट निघालं होतं. "पण मी जमवलं बाबा! कुणीतरी तारीख सोडली होती, ती मिळाली. सप्तमीला जायचंय. ही चुकली तर पुढची थेट महिन्याने आहे, म्हणजे आपलं जाणंच राहिलं. पासपोर्ट काढून ठेवा."

घाडींनी फोन सुगंधाबाईंकडे दिला. सुगंधाबाईंनी तो परत त्यांच्याकडे दिला. शेवटी सुगंधाबाईच म्हणाल्या, "अगो, पासपोर्ट गावाक गेलो हा. देवाक."

मग श्रुतिका म्हणाली, "बाबा, देवाला कुठे जायचंय?"

घाडींनी लगेच महादूदादांना फोन लावला. दादा थोरले, आणि धाकट्या भावाचे लाड करणाऱ्यांपैकी नव्हते.

"नंद्या, तुका अक्कल आसा? देव बसले ना!"

नवरात्रात देव बसले की बसले. घटापुढे जे ठेवलं ते दसऱ्याला देव उठेपर्यंत हलवायचं नाही. फूलसुद्धा नाही. आणि घाडींचा पासपोर्ट, कुंकू लावून, घटाच्या अगदी शेजारी ठेवलेला होता.

"दादा, कायतरी वाट काढ."

"मी कोण वाट काढूक? ज्याच्याकडे ठेवलंस, त्याकाच इचार. गाऱ्हाणा घाल. तुझा काम, तूच घाल. उद्या सकाळी देवळात जावन फोन लावतंय."

दुसऱ्या दिवशी श्रुतिका कामावर जायच्या आधी कांजूरला येऊन बसली. ती रागावलेली होती, पण आईने केलेल्या आंबोळ्या खात होती. शेजारच्या शुभाताई चौकशीला म्हणून आल्या आणि थांबल्या. फोन लागला. घाडींनी तो स्पीकरवर टाकून देव्हाऱ्यापुढे ठेवला, डोक्यावर टोपी घातली आणि हात जोडले. लहानपणी बापाच्या मागे उभं राहून ऐकलेलं सगळं आठवेल की नाही, याची त्यांना धास्ती होती. पण तोंड उघडलं आणि आवाज आपोआप लागला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तिकडून देवळात जमलेली माणसं म्हणाली.

"मी तुझो नंदू, बाबाजी घाड्याचो झील, पोटासाठी मुंबैक इलंय..."

"व्हय म्हाराजा!" आता सुगंधाबाईही म्हणाल्या.

"गिरणी बंद पडली, तेव्हा तूच सांभाळलंस. पोरीचा बरा केलंस. आता एकच मागणा हा. ज्या साच्यार माझो हात बसलो, तो साचो ज्या गावात झालो, ता गाव एकदा डोळ्यांनी बघूचा हा..."

"व्हय म्हाराजा!" शुभाताई जळगावच्या, पण त्याही म्हणाल्या. श्रुतिकाच्या हातातली आंबोळी तशीच राहिली होती.

"तर तुझ्या पायाकडे ठेवलेला माझा पुस्तक माका मोकळा करून दी. काम झाला की मी स्वतः येवन तुझ्या पायार डोक्या ठेवतंय. काय चुकला माकला आसात, ता पोटात घाल, आनी सगळ्यांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" या वेळी श्रुतिकाचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

मग कौल. महादूदादांनी पाण्यात भिजवलेल्या दोन पाकळ्या देवाच्या दगडी मूर्तीला चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. दोन्ही पडेनात. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, तरी कुणी उठलं नाही. श्रुतिका सारखी घड्याळ बघत होती. घाडींनी डोळे मिटून घेतले होते.

सुगंधाबाईंना राहवेना. त्या फोनपाशी वाकून म्हणाल्या, "रे रवळनाथा, ह्यांका जावंदे बाबा! नायतर आखा वरीस घरात बसान माका ब्लॅकबर्न ऐकूचा लागात!"

तिकडे एकदम गलका झाला. महादूदादांचा आवाज आला, "उजवी! उजवी पडली! नंद्या, देवान बायलेचा ऐकल्यान हां, तुझा नाय."

पासपोर्ट आणायला कुणावर विश्वास टाकायचा, हा प्रश्न पार्वतीवहिनींनी, म्हणजे महादूदादांच्या बायकोने, सोडवला. देवाकडून आलेली वस्तू बसच्या ड्रायव्हरकडे कशी द्यायची? त्या स्वतःच बसमध्ये बसल्या आणि सकाळी कांजूरला हायवेवर उतरल्या. पासपोर्ट कमरेच्या बटव्यात, हातात कोकमाची बाटली आणि तांदळाची पिशवी. घरी आल्यावर हातपाय धुऊन त्यांनी आधी पासपोर्ट देव्हाऱ्यासमोर ठेवला आणि मगच चहाला हात लावला.

सप्तमीला व्हिसा केंद्रात वहिनीही आल्या. "देवाचा घेवन इलंय, पोचता करूक नको?" त्यांना आत सोडलं नाही, तेव्हा त्या खाली कट्ट्यावर बसल्या आणि तिथल्या वॉचमनशी गप्पा मारू लागल्या.

काउंटरवर हेमांगी नावाची मुलगी होती. तिने पासपोर्ट उघडला आणि पानांमधून एक वाळलेली पाकळी टेबलावर पडली. मुखपृष्ठावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं. श्रुतिकाने डोळे मिटले.

"काका, पासपोर्टमध्ये काही ठेवायचं नसतं," हेमांगी म्हणाली. तिने टिश्यूने कुंकू पुसलं, आतली पानं नीट उलटून बघितली, कुठे डाग नाही याची खात्री केली. पाकळी मात्र तिने कचऱ्यात टाकली नाही. ती तिने कागदाच्या कपट्यावर घेऊन घाडींपुढे सरकवली. "ही खिशात ठेवा."

घाडी उत्तर पाठ करून आले होते. कशाला जाताय, किती दिवस, परत का येणार. पण कुणी काही विचारलंच नाही. कागद घेतले, फोटो काढला, पुढच्या खोलीत चार बोटं काचेवर ठेवायला सांगितली. घाडींना जरा वाईटच वाटलं. शेवटी ठसे घेणाऱ्या मुलाला त्यांनी न विचारताच सांगून टाकलं, "मी साचे बघायला चाललोय. ब्लॅकबर्नला."

"छान काका. आता अंगठा."

खंडेनवमीला विळी, शिवणयंत्र आणि पाना यांच्यासोबत घाडींनी यंदा मोबाइललाही कुंकू लावलं, कारण त्याने काम केलं होतं. मग वाट बघणं सुरू झालं. श्रुतिका रोज संगणकावर बघायची आणि रोज "अजून नाही" असा मेसेज पाठवायची. घाडींनी संध्याकाळचं फिरणं बंद केलं होतं. न जाणो, पासपोर्ट यायचा आणि घरात पुरुषमाणूस नसायचा.

दिवाळीच्या तोंडावर कुरिअरवाला आला. सुगंधाबाई करंज्या तळत होत्या, घाडींनी सही केली आणि पाकीट उभ्यानेच फोडलं. आतल्या पानावर व्हिसा चिकटवलेला होता. त्यांनी तो बायकोला दाखवला. तिने पिठाचे हात मागे धरून, मान पुढे करून बघितला. "तुमचो फोटो बरो इलो हा," ती म्हणाली, आणि घाणा करपू नये म्हणून परत वळली. घाडींना दिसू नये अशा बेताने तिने डोळ्यांना पदर लावला.

त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून घाडींनी गावी पाठवला. मूळ पासपोर्ट आता घराबाहेर काढायचा नाही, असा श्रुतिकाचा हुकूम होता. दुपारी महादूदादांचा फोन आला. पुतण्याकडून त्या फोटोची झेरॉक्स काढून घेऊन त्यांनी ती देवापुढे ठेवली होती.

"झेरॉक्स चलली ना देवाक?" सुगंधाबाई आतून ओरडल्या. "मी तेव्हाच सांगी होतंय!"

"चलली, चलली," दादा म्हणाले. "पण नंद्या, देवाक इंग्रजी वाचूक येना नाय. माकाय येना नाय. परत इलंस की त्या साच्याचो फोटो घेवन ये, आनी त्येच्यार काय लिवला हा, ता देवाक वाचून दाखव."

"दाखवतंय," घाडी म्हणाले. "ता माका येता."