बोटीतला संडास मी बसवला

धरणात मुक्कामाची बोट सुरू झाली आहे हे ऐकून तुमच्यापैकी कुणी माजलगावकडे निघणार असेल, तर आधी हे वाचा. त्या बोटीतला संडास मी निवडला, मी बसवला आणि पहिल्याच फेरीत तो बंद पडला तोही माझ्याच कृपेने.

माझं तलवाड्यात नळ, पाइप आणि कमोडचं दुकान आहे. माझे साडू भास्करराव धरणाकाठच्या एका गावात दूध संस्थेचे चेअरमन. लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले, चारा संपला, लोकांनी जनावरं विकली आणि संस्थेचे कॅन पालथे पडले. तेव्हा पर्यटकांकडून चार पैसे मिळावेत म्हणून सभासदांनी ठराव करून कोकणातून एक जुनी केबिनची बोट आणली. आत चार माणसं झोपतील एवढी जागा, एक ओटा आणि कपाटाएवढी एक रिकामी खोली.

"पावणं, तुमचं दुकानच संडासाचं हाय. तुमच्याबिगर हे काम कोण करणार?" भास्करराव म्हणाले. माझी छाती लगेच दोन इंच फुगली. आयुष्यात मी तोवर एकदाही बोटीत बसलो नव्हतो, पण हे सांगायची गरज मला वाटली नाही.

आठ दिवस मोबाइलवर व्हिडिओ बघून मी समुद्रावरच्या बोटीत असतो तो प्रकार नक्की केला. हातपंप मारायचा, बाहेरचं पाणी आत येतं आणि सगळं धुऊन बाहेर नेतं. संचालकांच्या बैठकीत मी तो चित्र काढून समजावला. बोट चालवणारे हरिभाऊ शेवटी म्हणाले, "अण्णा, समदं झ्याक हाय. पर हे जातंय कुठं?"

"धरणात."

"अन् आमी पितो ते कोणचं पाणी हाय?"

मी चित्राचा कागद घडी घालून खिशात ठेवला. मग मी पेटीचा संडास सुचवला. खालची पेटी उचलायची आणि काठावर नेऊन रिकामी करायची. उचलणार कोण, या प्रश्नावर पाचही संचालक एकमेकांकडे बघू लागले. अखेर हातपंपाचाच घेतला, पण सगळं एका बंद टाकीत जाईल आणि टाकी काठावर मशिनने उपसली जाईल असा. ही अक्कल हरिभाऊंची, पण गावात नाव माझं झालं.

पहिल्या फेरीला मी बायकोला, सुनंदाला, घेऊन जायचं ठरवलं. ती तयार होत नव्हती. तिला मुतखड्याचा त्रास आहे, डॉक्टर पाणी भरपूर प्या म्हणतात, आणि ही बाई प्रवासाच्या दिवशी सकाळपासून पाण्याला शिवत नाही. मी तिला यावरून चारचौघांत बोलायचो. या वेळी तिने एवढंच विचारलं, "तिथं सोय हाय का नक्की?" मी म्हणालो, "अगं, मी बसवलीय!" माझ्या या शब्दावर ती निघाली.

सकाळी सातला आमच्या गाडीने तलवाडा सोडला. रस्ता बरा आहे, मधले काही खड्डे नवीन आहेत तेवढं सांभाळा. गाडी नसेल तर माजलगावपर्यंत एसटी, पुढे जीप मिळते. माजलगावात भजी खाल्ली. सुनंदाने नेहमीप्रमाणे आपला चहा माझ्याकडे सरकवला आणि मी नेहमीप्रमाणे दोन्ही कप संपवले.

धरणावर पोचलो तर बोटीचा धक्का कोरड्यात उभा आणि पाणी लांब मागे गेलेलं. तडकलेल्या गाळातून वीस मिनिटं चालावं लागलं. जुन्या चपला आणा, मी लग्नातले बूट घालून गेलो होतो. उघड्या पडलेल्या जमिनीत लोकांनी टरबुजं लावली होती. बोटीवर माझ्या मेहुणीने, कुसुमने, ताकाचे पेले पुढे केले. सुनंदाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेला रिकामा केला. मग दुसराही. मला फार भारी वाटलं.

बोट छान चालली. हरिभाऊंनी तळलेले मासे आणि भाकरी असा बेत केला होता, त्यासाठी तरी जाच. जेवण होईपर्यंत भास्कररावांसह बोटीवर आलेले पाचही संचालक एकेक करून माझा संडास बघून आले, म्हणजे वापरून आले. प्रत्येक जण बाहेर येऊन मान डोलवायचा. मीही जाऊन आलो.

मग सुनंदा गेली आणि लगेच परत आली. माझ्या कानाशी म्हणाली, "अवो, ते वर यायलंय."

भांडं काठोकाठ भरलं होतं. काठ तासभर लांब, आणि तिथे तरी काय, झुडूपसुद्धा नाही, टरबुजाच्या वाफ्यात गडीमाणसं. सुनंदा कोपऱ्यात पदर घट्ट धरून बसली. "ऱ्हाऊ द्या. मी काढते कळ. सवय हाय मला."

सवय हाय मला. ते ऐकून माझी सगळी मस्ती उतरली. मी बाह्या सरसावल्या, गुडघ्यावर बसलो आणि पाइप सोडवला. पुढचं वर्णन जेवणाऱ्यांसाठी गाळतो.

"किती वेळा हापसलं होतं?" मी आतूनच ओरडलो.

"दोनदा," भास्करराव म्हणाले. बाकीच्यांचंही तेच उत्तर. "पाणी लई कावून घालवायचं?" त्यातल्या एकाने वर मलाच विचारलं.

व्हिडिओत पंधरा वेळा हापसायला सांगितलं होतं. पण मीसुद्धा दोनदाच हापसलं होतं, धरणाच्या मधोमध बसून! आणि दारावर लाल अक्षरांत 'पाणी जपून वापरा' अशी पाटी मीच लावली होती, कारण दुकानात त्या पाट्या पडून होत्या. वर आणखी शहाणपण म्हणजे, आपल्याकडे संडास घरापासून लांब, परसाच्या टोकाला असतो, म्हणून मी टाकी बोटीच्या थेट दुसऱ्या टोकाला ठेवली होती. एवढ्या लांब पाइपातून दोन हापशांत काय जाणार होतं? हरिभाऊंच्या बांबूने आणि आठ-दहा बादल्यांनी अर्ध्या तासात पाइप मोकळा झाला. पाटी मी उलटी करून लावली.

कुसुमने सगळ्या पुरुषांना बोटीच्या पुढच्या टोकाला हाकललं. सुनंदा आत गेली. लांबूनही पंपाचा आवाज येत होता. दोनदा वाजला आणि थांबला.

"पंधरा!" मी ओरडलो.

जरा वेळाने पंप पुन्हा सुरू झाला. बाहेर आल्यावर ती कुसुमकडून तांब्या घेऊन गटागटा पाणी प्यायली. मला रडू आलं, आणि हात तसे असल्यामुळे डोळे पुसता येईनात.

तुम्हाला असा संडास बसवायचा असेल तर टाकी जवळ ठेवा, टाकीतली हवा बाहेर सोडणारी नळी मोठी घ्या आणि वास न सोडणारा पाइपच वापरा. बागेचा पाइप स्वस्त पडतो, पण आठवड्यात कळतं. पंपाच्या रबराला अधूनमधून चमचाभर करडईचं तेल, क्षार बसू नयेत म्हणून पांढरं व्हिनेगर. टाकी अर्धी झाली की उपसा, कारण पाणी आणखी मागे गेलं की मशिनचा पाइप बोटीपर्यंत पुरत नाही. बोट चालते की नाही हे पुढच्या पावसावर आहे. संस्थेच्या सभासदांनी तोवर धीर धरलाय.

घरी आलो त्याच आठवड्यात सिरसाळ्याहून माझ्या चुलतभावाचं त्याच्या मुलीच्या साखरपुड्याचं बोलावणं आलं. भाऊ माजी सरपंच, मांडव मोठा, जेवायला हजार पान. मी फोनवर येतो म्हणालो. शेजारी बसलेल्या सुनंदाने न लाजता मोठ्याने म्हटलं, "बायकांची सोय हाय का इचारा की."

मी विचारलं.

"अण्णा, हे तुला कावून पायजे?" मग आवाज उतरला. "थांब. मला बी म्हाईत न्हाई. घरात इचारतो."

तो विचारायला गेला. मी फोन कानाला धरून थांबलो. सुनंदा माझ्याकडे बघत होती. तीस वर्षं संडास विकले मी, आणि घरात एकदाही विचारलं नव्हतं.