तळहातावरचा घोट

वत्सलावहिनी गेल्याचा निरोप मला एस.टी.च्या कंडक्टरनं दिला. बेंबळीच्या शाळेत मी तिसरीचा वर्ग घेत होते. सकाळच्या गाडीचा कंडक्टर दारात टोपी काढून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, तुळजापूरला तुमच्या भावजय वारल्या. तुमच्या दादांनी निरोप द्यायला सांगितलाय." माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? हा खोटं बोलतोय, हे. मी मुळातच संशयी बाई. दूधवाल्याचं माप, दुकानदाराची चहापूड, डॉक्टरची गोळी, सगळं दोनदा हुंगून घेते. नवरा मला फौजदारीण म्हणतो. पण त्या दिवशी गाडी तुळजापूरच्या स्टँडवर थांबली आणि दादाचा चेहरा दिसला, तेव्हा संशयाला जागाच उरली नाही. आता महिना उलटलाय. जो भेटतो तो म्हणतो, देवमाणूस होती हो तुमची वहिनी. मला त्या गोडव्याचाही संशय येतो. कारण याच लोकांपैकी निम्म्यांनी एके काळी तिच्या हातचं पाणी प्यायचं सोडलं होतं... आणि ती वेळ तिच्यावर आणली होती मी.

वहिनी सोलापूरची. वडील गिरणीत, घरात तीन वेळा चहा. आमच्या घरी चहाला मज्जाव. अण्णा, म्हणजे माझे वडील, तहसिलीत कारकून होते; निजामाच्या काळातलं उर्दू दफ्तर सांभाळून नंतर पेन्शनीत निघालेले. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्यानंतर तुळजापुरात गल्लोगल्ली चहाची हॉटेलं निघाली आणि अण्णांच्या मते तिथूनच माणसं बिघडायला लागली. चहानं रक्त आटतं, भूक मरते, पोरं उलट उत्तरं देतात, असं ते छातीठोकपणे सांगत. त्यांचा सगळा भरवसा ताकावर. उष्मा झाला, ताक. अपचन झालं, ताक. दुपारच्या जेवणानंतर प्रत्येकानं फुलपात्रभर ताक प्यायलाच पाहिजे. वहिनीला ताकानं खोकला यायचा, म्हणून तेवढी तिला सूट होती. सकाळी अण्णा देवळात गेले की ती मागच्या पडवीत गुपचूप चहा करायची आणि त्यातला अर्धा कप आईला द्यायची. आई आणि ती चुलीपाशी बसून हळू आवाजात हसायच्या. मला ते बघवायचं नाही. आई माझी, आणि चोरून चहा प्यायची हिच्याबरोबर! सरळ सांगते, मला तिचा मत्सर वाटायचा.

ॲक्शनला पाच-सहा वर्षं झाली असतील. उन्हाळा होता. मला बघायला पाहुणे येणार म्हणून घर लख्ख करायचं काम माझ्याकडं होतं. त्याच आठवड्यात ताकाचं मडकं फुटलं आणि आईनं माळ्यावरची पितळी गुंडी काढायला सांगितली. बाहेरून हिरवीकाळी, आतूनही काळपट. मी चिंच आणि राख घेऊन बसले. दोन दिवस हात दुखेस्तोवर घासली. आतला तो काळा थर निघता निघेना, पण मीही हट्टाला पेटले होते. शेवटी गुंडी आतबाहेर सोन्यासारखी निघाली. आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. तिनं हात फिरवला आणि म्हणाली, छान गुळगुळीत झाली हो. त्या गुंडीत ताक राहू लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णांना उलट्या झाल्या. मग आईला, मग मला. पोटात नुसता पिळा पडायचा. एक दिवस बरं वाटायचं की पुन्हा तेच. दादा दिवसभर कचेरीत, त्यामुळं ताकाच्या वेळी तो घरात नसायचा. धडधाकट होती ती फक्त वहिनी. अण्णांनी कचेरीतल्यासारखी चौकशी मांडली. कोण काय पितं, कोण वाढतं, कधी वाढतं. ताक बाधतं हे त्यांच्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. म्हणजे ताकात कुणीतरी काहीतरी घालतंय. मीठ-जिरं घालून ताक वाढायची वहिनी. आणि मी आदल्या दिवशी तिच्या हातात कागदाची पुडी पाहिली होती, गुंडीपाशीच. पुडी पाहिली होती, एवढंच. ती ताकात टाकताना पाहिलं नव्हतं. पण अण्णांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, "टाकताना पाहिलंय मी." माझ्या डोळ्याला डोळा भिडवून त्यांनी पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा तेच म्हणाले.

अण्णा ओरडले नाहीत. दादाला एवढंच सांगितलं, हिला माहेरी पोचव. वहिनीनं पुडी आणून त्यांच्यासमोर ठेवली. "मामंजी, उघडून तरी बघा. सुंठ आहे, चहासाठी माहेरून आईनं दिलेली." अण्णांनी पुडीला हातसुद्धा लावला नाही. दादा अण्णांपुढं तोंड वर करून बोलणाऱ्यातला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तिला घेऊन गेला, आणि दिवस मावळायच्या आत गल्लीत सगळ्यांना कळलं. बाधा उतरेपर्यंत ताक नको म्हणून अण्णांनी ताक बंद केलं. उलट्या थांबल्या. आता ह्याहून आणखी काय पुरावा पाहिजे, असं सगळेच म्हणाले. मीही म्हणाले.

दीड महिन्यानं गल्लीत कल्हईवाला आला. आईनं सगळी पितळी भांडी बाहेर काढली. त्यानं भाता लावला, नवसागर काढला आणि गुंडीत डोकावून तो थबकलाच. "अम्मा, ही आतून कुणी घासली? कल्हई समदी खरवडून काढली की. ह्यात आंबट ठिवलं का?" आईनं ताक म्हणून सांगितलं. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "बिनकल्हईच्या पितळंत ताक कळकतं. लई उलट्या हुत्यात त्यानं. नशीब म्हणा, जीव वाचला." जो थर मी मळ समजून काढला, ती कल्हई होती, जुनी, काळी पडलेली. अण्णा ओट्यावर बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं. आई माझ्याकडं बघत राहिली. मी भांडी मोजत बसल्यासारखं केलं... रात्रीच्या जेवणाला अण्णा दादाला म्हणाले, सोलापूरला जाऊन ये. बस. चुकलं हा शब्द आमच्या घरात कुणाच्याच तोंडून निघाला नाही, माझ्याही नाही.

वहिनी परत आली, पण गल्लीतले निम्मे लोक तिच्या हातचं पाणीही घेईनात. नव्या मडक्यात ताक झालं होतं. अण्णा जेवून उठायच्या आत तिनं पळीनं थोडं ताक डाव्या तळहातावर घेतलं, सगळ्यांदेखत प्यायली, खोकली, हात धुतला आणि मग फुलपात्र अण्णांपुढं ठेवलं. अण्णा म्हणाले, हे कशाला? "असू द्या मामंजी," एवढंच तिनं उत्तर दिलं. आणि ते असूच राहिलं. पाणी असो, ताक असो, सरबत असो, आधी तिच्या तळहातावर घोट, मग समोरच्याला. दहा वर्षं. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटायचं सोलापूरची पद्धत असेल. पुढं अण्णा म्हातारपणी चहासुद्धा प्यायला लागले, तिच्याच हातचा, आणि तिचा घोट होईपर्यंत मान खाली घालून बसायचे. लग्न होऊन मी बेंबळीला आले, तरी माहेरी गेले की माझ्यासाठीही तेच. दर खेपेला ठरवायचे, आज बोलायचं. दर खेपेला चहा पिऊन परत यायचे.

गेल्या वर्षी तिच्या पायांवर सूज आली. सोलापूरच्या डॉक्टरांनी मीठ बंद केलं आणि पाणी मोजून, दिवसाला दोन फुलपात्रं. दोनच कशी, म्हणून मी त्यांच्याशी भांडूनही आले. आमची शेवटची भेट झाली तेव्हा तिला उठवत नव्हतं. मी फुलपात्र भरलं, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, आधी थोडं पाणी माझ्या तळहातावर घेऊन प्यायले. तिनं माझं मनगट धरलं. "वन्सं, माझ्या वाटणीचं कशाला पिताय? तुमचा संशय घ्यायचा असता तर कधीच घेतला असता." हसलीसुद्धा. मी तिला ते पाणी पाजलं, ओठ पुसले. खोलीत आम्ही दोघीच होतो. दादा यायला अजून तास होता...

तेराव्याला वहिनीची मंदा, नऊ वर्षांची, पाहुण्यांना चहा देत होती. माझ्यापुढं आली. किटलीतला थोडा चहा तिनं तळहातावर ओतला, चटका बसला तसं तोंड वाकडं केलं, पण प्यायली, आणि मग कप भरून पुढं केला. "घे आत्या. मी पिऊन बघितलंय." हे कुणी शिकवलं म्हणून विचारलं, तर म्हणाली, आई करायची की, आपल्यात असंच देतात. मी तिचा हात धरून तिला आत स्वयंपाकघरात नेलं. दार लोटलं आणि सगळं सांगितलं. गुंडी, चिंच, पुडी, मी काय पाहिलं आणि काय पाहिलं नाही. आपल्यात असं देत नाहीत, ही पद्धत माझ्यामुळं पडली, तू आजपासून करू नकोस, हेही सांगितलं. पोरगी तळहाताकडं बघत ऐकत होती. मग तिनं विचारलं, "हे तू आईला सांगितलं होतंस?"

मी म्हणाले, नाही.