लॉर्डमामांचं गार जेवण

आमचे लॉर्डमामा गरम जेवणाला हलक्या दर्जाचं समजत. गंगापूर रोडवरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि अंबडच्या एका कारखान्यात आयुष्यभर स्टोअर सांभाळलेल्या माणसाला हे कुठून सुचलं, तर मोबाइलमधून. निवृत्त झाल्यावर लोक योगासनं धरतात, देवळाचं विश्वस्तपद धरतात. मामांनी जुन्या इंग्रज उमरावांची स्वयंपाकघरं धरली. दोन-तीनशे वर्षांपूर्वी कुठल्या हवेलीत किती आचारी होते आणि कोण काय ढवळत होतं, हे त्यांना पाठ होतं. शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं, हे मात्र मामीला विचारावं लागायचं. 'लॉर्ड' ही पदवी सोसायटीने दिली आणि मामांनी ती कसलीही कुरकुर न करता स्वीकारली.

मी त्यांचा भाचा. अंबडला नोकरी लागली म्हणून वणीहून आलो आणि लग्न होईपर्यंत तीन वर्षं त्यांच्याकडे जेवलो. 'जेवलो' हा शब्द मी सौजन्याने वापरतो आहे.

मामा सांगत, उमरावांच्या हवेलीत स्वयंपाकघर मुद्दाम लांब ठेवायचे. वास येऊ नये, आग लागली तर पाहुणे वाचावेत. बोळ आणि जिने ओलांडून ताट टेबलापर्यंत येईस्तोवर सगळं गार. "खऱ्या लॉर्डाने जन्मात गरम जेवण पाहिलं नाही," हे ते अशा अभिमानाने म्हणत की वाटावं, आजोळ तिकडचंच. आमच्या घरी ओट्यापासून टेबल सहा पावलांवर. हे अंतर मामांना अपमानास्पद वाटे. म्हणून रविवारी आमटीचं पातेलं स्वयंपाकघरातून निघायचं, पॅसेजमधून बेडरूमला वळसा घालायचं, गॅलरीत जरा वारा खायचं आणि मग टेबलावर यायचं.

मामी दिंडोरीकडची. ती ओट्यापाशी उभी राहून ही मिरवणूक बघायची. "गरम हाय तवर खाऊन घ्या की," ती म्हणायची, "विलायत कुठं पळून चाललीय?"

त्यांचा आणखी एक नियम होता. सगळे पदार्थ एकदम मांडायचे आणि ज्याच्यासमोर जे येईल ते त्याने खायचं. लांबचं मागणं असभ्य. माझ्यासमोर दर रविवारी उकडलेला कोबी यायचा आणि भरली वांगी मामांसमोर. हे कसं ठरतं, असं मी एकदा विचारलं. "मानाप्रमाणे," मामा म्हणाले आणि वांगं घेतलं.

एका नाताळात त्यांनी पुडिंग काढलं. मूळ कृतीत जनावराची चरबी होती. मामीने मामांकडे नुसतं बघितलं, आणि चरबीच्या जागी साजूक तूप आलं. बेदाणे तेवढे अस्सल, आमच्या वणीच्या मळ्यातले. तो गोळा फडक्यात बांधून पाच तास उकडला आणि मुरण्यासाठी आठ दिवस गॅलरीत टांगला. शेजारच्या काकूंनी दोनदा विचारलं, श्रीखंड कधी होतंय म्हणून. मामीने एक घास खाऊन निकाल दिला, "बरं हाय. शिरा रागावला की असाच लागत असंल."

या सगळ्या थाटात मामी टेबलावर कधी बसली नाही. आमचं झालं की ओट्यापाशी उभ्याने, उरलेलं खायची. एका रविवारी कोबीला वैतागून मी बोलून गेलो, "मामा, या घरात लॉर्डासारखं जेवणारं माणूस एकच आहे. जन्मात गरम पोळी पाहिली नाही तिने." मामांनी मोबाइल उघडला आणि बघत बसले. पडदा काळा झाला तरी बघतच होते. पुढच्या रविवारी पातेलं पुन्हा गॅलरीत हजर, तेव्हा त्यांना फार लागलं असेल असं मला वाटलं नाही.

त्या उन्हाळ्यात मामी बाथरूममध्ये घसरली. उजवा हात प्लॅस्टरमध्ये गेला. मी म्हटलं, डबा लावू. मामा "नको" म्हणाले आणि बनियनवर ओट्यापाशी उभे राहिले. पहिली पोळी करपली. दुसरी तव्याने ठेवून घेतली. तिसरी फुगली, आणि ती चिमट्यात धरून आमचे लॉर्ड बेडरूमकडे चक्क पळाले. गॅलरी नाही, वारा नाही. मामीने डाव्या हाताने तुकडा मोडला. "तोंड भाजलं," ती म्हणाली आणि रडायला लागली. मामा दारात उभे होते, पीठ कोपरापर्यंत. "पुढची आणू?" एवढंच त्यांनी विचारलं. त्या दिवशी मला त्यांचा फार अभिमान वाटला. तो मी बोलून दाखवला नाही, याचं अजून वाईट वाटतं.

प्लॅस्टर निघालं, पण मामी टेबलावर बसली ती बसलीच. पोळ्या मामा करायचे. मोठ्या हवेल्यांत मुख्य आचारी पुरुषच असायचा, हा शोध त्यांना नेमका त्याच आठवड्यात लागला. हार मानणं लॉर्डांना शोभत नसावं.

मामा गेल्या वर्षी गेले. परवा मामीकडे गेलो तेव्हा तिला बळेच टेबलावर बसवलं आणि मी तव्यापाशी उभा राहिलो. पोळी बरी फुगली. सहा पावलं चालत जाऊन तिच्या ताटात टाकली. तिने बोट लावून पाहिलं आणि हात मागे घेतला.

"गार झाली रे," ती म्हणाली. "हे पळत आणायचे."