चार नंबरच्या टाकीतली जर्मन बिअर

मी ग्लास नाकाशी नेला आणि तसाच खाली ठेवला. बिअरला सरकारी दवाखान्याचा वास येत होता.

"काशिनाथचं काम," मॅनेजर साहेब म्हणाले. त्यांनी ग्लास हातातसुद्धा घेतला नव्हता. "चार नंबरची टाकी धड धुतली नाही. मेमो टाइप करायला सांगतो. त्याचं कन्फर्मेशन कॅन्सल."

सत्तरच्या दशकातली गोष्ट. साजगावच्या बाजूला एका बिअरच्या कारखान्यात मी केमिस्ट होते. सकाळी दहा वाजता बिअर चाखणं हे माझं काम. राहायला शिळफाट्याला होते; तिथल्या शेजारणींना मी फक्त 'लॅबमध्ये आहे' एवढंच सांगायची. काशिनाथ सेलरमध्ये, म्हणजे बिअर आंबते त्या थंड खोलीत, टाक्या धुवायचा. सहा वर्षं टेंपररी. दर काही महिन्यांनी ब्रेक देऊन त्याला घरी बसवत आणि पुन्हा घेत. आता कुठे पर्मनंटचा कागद येणार होता, तर हे.

साहेब जर्मनीत तीन महिने राहून आलेले. तीनच. पण आल्यापासून त्यांना इथलं पाणी, इथले जव, इथली माणसं, काही म्हणता काही पसंत नव्हतं. ग्लास उजेडात धरून एक डोळा मिटायचे. चव कशी आहे ते मात्र हळूच आधी मला विचारून घ्यायचे.

मी सेलरमध्ये गेले.

"काशिनाथ, टाकी कशाने धुतली होती?"

"सोडा, गरम पानी, मंग ब्लिचिंगचं पानी. रोजच्यासारखीच, बाई. आत हात फिरवून बघितला मी. कुठं चिकट लागलं नाय."

"आणि खाली फरशीला?"

"फिनेल. सायबानीच सांगितलं. शनवारी मुंबईचे डायरेक्टर येनार हायेत ना, सेलर चकाचक पायजे म्हनले. आठ दिस झाले, दोन टाइम मारतोय."

मी कपाळावर हात मारला. आमच्या टाक्या तेव्हा वरून उघड्या असत. उघड्या दुधाला शेजारच्या कांद्याचा वास लागतो, तसंच बिअरचं. त्यात फिनेल आणि ब्लिचिंग एकत्र आलं की हा दवाखान्याचा वास तयार होतो, आणि तो इतका चिवट असतो की त्याला थेंबभर फिनेलही पुरतं. बिअरच्या कारखान्यात फिनेल आणायचं नसतं, हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. जर्मनीत बहुतेक चौथ्या महिन्यात शिकवत असावेत.

साहेबांना जाऊन सांगितलं.

"फिनेल जमिनीवर, बिअर टाकीत. संबंध काय?" ते म्हणाले. "मी जर्मनी बघून आलोय, बाई."

"पण फिनेल मारायला तुम्हीच सांगितलंत."

"लेखी आहे?"

लेखी नव्हतं. माझा रिपोर्ट त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकला. काशिनाथचा मेमो सोमवारी निघणार होता.

शनिवारी डायरेक्टर दोन मित्रांना घेऊन आले. म्हणाले, बाटलीतली नको, टाकीतली ताजी द्या. साहेबांची चांगलीच गोची झाली. बाकीच्या टाक्या त्यांनीच रंगकामासाठी रिकाम्या करवल्या होत्या. भरलेली होती ती फक्त चार नंबर. साहेबांनी तीच ओतली, उजेडात धरली, डोळा मिटला.

"स्मोक्ड कॅरेक्टर, सर. खास जर्मन स्टाइल. आपल्याकडे पहिल्यांदाच."

डायरेक्टर अर्धा ग्लास प्याले. एका मित्राने घोट तोंडात घोळवला आणि 'कॉम्प्लेक्स' म्हणाला. दुसऱ्याला त्यात जळक्या ओक लाकडाचा वास आला. शिकलेसवरलेले तीन बाप्ये फिनेलवर माना डोलवत होते. मला हसू येत होतं आणि संतापही.

"कुणी जमवली ही?" डायरेक्टरनी विचारलं.

साहेब टायची गाठ सारखी करू लागले. तेवढ्यात मी बोलले. "चार नंबरची टाकी काशिनाथची, सर. मॅनेजर साहेब परवाच म्हणाले, हे काशिनाथचं काम."

साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, की नजरेने नोकरी जात असती तर माझी तिथेच गेली असती. डायरेक्टरनी काशिनाथला बोलावून घेतलं आणि त्याचा ओला हात हातात घेऊन हलवला.

"हा पर्मनंट आहे ना?"

"लेटर टाइप होतंय, सर," साहेब म्हणाले. तासाभरात ते झालंही.

सोमवारी मी त्या टाकीवर 'रिजेक्ट' लिहिलं आणि सगळी बिअर गटारात सोडायला लावली. साहेबांनी सही केली. फिनेलचे डबे ऑफिसच्या संडासात गेले.

मला वाटलं होतं काशिनाथ खूश असेल. तो लॅबच्या दारात येऊन उभा राहिला. बस म्हटलं तरी बसला नाही.

"बाई, उपकार झाले तुमचे. पन येक सांगू? सहा वर्सं टाक्या धुतल्या, येक बाद नाय गेली. तवा कुनी सेलरमदी डोकावलं नाय. बाद मालापायी माजा हात हातात घेतला मोठ्या सायबानी. आता घरी काय सांगू, कशापायी पर्मनंट झालो?"

मला लाज वाटली, हे खरं.

पुढे हाताखाली नवा केमिस्ट आला की पहिल्या दिवशी मी त्याला एवढंच सांगायची: बिअर चांगली लागली, तर टाकी कुणी धुतली ते विचार आणि त्याला जाऊन सांग. बिघडायची वाट बघू नकोस.