रेघेखालचा आंबा

गावनकाशावरच्या एका रेघेने मला फसवले. माझी पाच फूट जमीन बांधावरच्या आंब्यासकट तिने अडकवून ठेवली आहे. मोजणीदाराला दोष देता येत नाही, हे माझे खरे दुखणे.

हा गृहस्थ लोणखेड्याच्या शिवारात नेहमी भेटतो. नकाशा उघडण्याआधी तो चाकूने पेन्सिलीला टोक काढतो. मग नकाशा न फिरवता स्वतःच फिरतो. उत्तर दिशा सापडेपर्यंत बांधावर त्याच्या गिरक्या चालू.

मोजणीच्या दिवशी मी म्हणालो, आंबा माझा. शेजारचे काका म्हणाले, त्यांचा. मोजणीदाराने मला आंब्याच्या अलीकडे उभे केले आणि काकांना पलीकडे, बारा फुटांवर.

"भाऊ, कागदवर हाई रेघ बारीक दिखस. जमिनवर ती बारा फूट रुंद शे. तुम्ही दोन्हीजन तिन्हावरच उभा शेतस."

"मग आंबा कोणाचा?" मी भडकलो.

"रेघना."

काका पोट धरून हसले. त्याने एक कैरी तोडली, पेन्सिलीच्याच चाकूने तीन फोडी केल्या, खिशातल्या पुडीतले मीठ लावले आणि मोठी फोड स्वतः घेतली.

"ही वाटणी चुकली," मी म्हणालो.

"कैरीना नकाशा नही, भाऊ."

मीही हसलो, कैरी खाल्ली. पण मोजणी खात्याकडे केलेली तक्रार मागे घेतलेली नाही. ही जाड रेघ ज्याने ओढली त्याने, तो नसेल तर त्याच्या खात्याने लेखी सांगावे: रेघेखालची जमीन कोणाची?