लाल वर्तुळातलं कोपर

"थांबव! मागे घे! अजून मागे! अगं, इतकं नाही, जाहिरात आली बघ! पुढे... पुढे... हां! तिथं! तिचं कोपर!"

माझे साडू सोफ्यावरून ओरडत होते. सोफ्यावर बसून नव्हे, सोफ्यावर उभं राहून, मोज्यांसकट. रिमोट माझ्या मेहुणीच्या हातात होता आणि तिचा अंगठा एव्हाना जुन्या लिफ्टच्या बटणासारखा झिजला होता. मस्कतला, कुरुमच्या त्या दिवाणखान्यात आम्ही चौदा माणसं हातात पोह्यांच्या बशा घेऊन टीव्हीकडे बघत होतो. तो टीव्ही एवढा मोठा, की घरात आणताना बिल्डिंगची एक भिंत पाडली होती म्हणतात. मी स्वतः पाहिलं नाही, पण विश्वास ठेवायला माझी हरकत नाही. टीव्हीवर अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या मुलींची सॉफ्टबॉलची मॅच गोठून उभी होती. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, बाकावर बसलेल्या मुलींच्या गर्दीतून, एक कोपर बाहेर आलं होतं.

"तिचंच कशावरून?" मी विचारलं.

"बापाला विचारता हे?" साडू म्हणाले. खाली उतरून त्यांनी पडद्याचा फोटो काढला, कोपराभोवती लाल वर्तुळ काढलं आणि मस्कतमधल्या यच्चयावत मराठी ग्रुपांवर टाकलं. खाली लिहिलं, 'आमची कन्या, अमेरिकेच्या सर्वोच्च पातळीवर.' चहा येईपर्यंत लोकांनी अंगठे आणि टाळ्या पाठवून साडूंचा फोन तापवून ठेवला. त्यातला एक अंगठा माझाही होता. बायको शेजारीच बसली होती.

फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत आमचा प्रत्येक शनिवार असा गेला. तिकडच्या शुक्रवार संध्याकाळच्या मॅचेस आपल्याकडे भल्या पहाटे होतात. साडू त्या रेकॉर्ड करून ठेवत, शनिवारी दहा वाजता लोकांना जमवत आणि दारातच दम देत, "स्कोअर कुणी बघितला असेल तर आत्ताच परत जा!" सगळ्यांनी बघितलेला असे. स्वतः साडूंनी सर्वांत आधी. तरीही सातव्या इनिंगला ते हाताची नखं खात बसत. हा मनुष्य तेलकंपनीत साहेब कशाला झाला, नाटकात गेला असता तर महाराष्ट्राचं भलं झालं असतं.

आणि तो खेळ! आमच्या शाळेत सॉफ्टबॉल असे, नाही असं नाही. ज्याला क्रिकेटच्या टीममध्ये कुणी घेत नसे, कबड्डीत ज्याची बरगडी मोडली असे आणि ज्याला दहावीला क्रीडागुण हवे असत, तो सॉफ्टबॉल खेळे. जिल्हा पातळीवर दोनच संघ असत, त्यामुळे हरणाराही दुसरा येई. अमेरिकेत मात्र याच खेळाला दहा-दहा हजार माणसं उन्हात बसतात. चेंडू मोसंब्याएवढा, टाकायचा हाताखालून. चेंडू टाकणारी, म्हणजे पिचर, आधी हात रहाटासारखा गरकन फिरवते, मग हुंकार देते. तीन-तीन शेरांच्या वेण्या, गालांवर काजळाचे पट्टे, केसांत रिबिनी. बाकावरच्या मुली तर सात इनिंग अखंड गात असतात. गात म्हणजे गातच! भोंडल्यालासुद्धा मध्ये खिरापत ओळखायला थांबतात; या थांबत नाहीत. कॉमेंट्रीवाल्या बाया प्रत्येक मॅचला एकदा तरी रडवेल्या होतात. मी हे सगळं मनापासून तुच्छ मानलं. इतकं, की चार महिन्यांत मी त्या खेळाचा एकही नियम शिकलो नाही. आलाच एखादा नियम कानावर, तर मी पोहे मागून घेई.

पोरीबद्दल मात्र मला तसं कधी वाटलं नाही. ती आमच्या बौशरच्या फ्लॅटमध्ये अर्धी वाढली. इंडियन स्कूलमध्ये असताना दुपारी आमच्याकडेच जेवायची. मग साडूंनी तिला अमेरिकन शाळेत घातलं, तिथं हा सॉफ्टबॉल तिला चिकटला, आणि पुढे ती तिकडच्या कॉलेजात गेली. त्या टीमला कुणी तिला बोलावलं नव्हतं. चाचणीला आपली आपण जाऊन उभी राहिली. पळायला सांगितलं तर इतकी पळाली, की घड्याळ बिघडलं समजून तिला परत पळवलं. दुसऱ्यांदा घड्याळ खरंच बिघडलं, असं मी सांगतो. घेतलं मग तिला. पण दोन वर्षं ती बाकावरच होती. यंदा जानेवारीत तिच्या कोचबाईने स्पष्ट सांगून टाकलं होतं: तुझी बॅट बेताची, झेल बेताचे, पाय उत्तम. या मोसमात त्या पायांचा टीमला काही उपयोग झाला तर पुढच्या वर्षी तुझी जागा राहील, नाहीतर नाही. पोरीने हे आईला सांगितलं, आईने माझ्या बायकोला, बायकोने मला. साडूंनाही माहीत होतं. पण ते चारचौघांत सांगत, "कोच तिला जपून ठेवतेय. हुकमाचा एक्का आहे तो!"

एप्रिल उजाडला तरी एक्का पानांतच होता.

एका शनिवारी इब्रीचे एक दुकानदार आले. मूळचे रत्नागिरीकडचे, बौशरला आमच्या खालीच त्यांचं किराण्याचं दुकान होतं, मग इब्रीला मोठं केलं. माल घ्यायला मस्कतला आले की साडूंच्या तावडीत सापडत. त्यांनी तीन इनिंग मुकाट बघितल्या, खजुराची बी बशीत ठेवली आणि विचारलं, "साहेब, पण ही पोर खेळते कवा, ता तरी सांगा."

साडूंनी मेहुणीकडून रिमोट मागून घेतला. माझं त्या माणसावर त्या क्षणी जे प्रेम जडलं, तेवढं लग्नात बायकोवरही जडलं नव्हतं.

"इन्शाल्ला, लवकरच," साडू म्हणाले. "वेग आहे ना तिच्याकडे. आमच्या घराण्यातच वेग."

मग माझा तोल गेला. साडूंच्या घराण्यात वेग! हा माणूस लिफ्टची वाट बघतानासुद्धा खुर्ची मागतो. मी म्हणालो, "साडूभाऊ, तिला पळायला कुणी शिकवलं, ते या साक्षीदारांना विचारा."

दुकानदार हसले, कारण ते खरोखरच साक्षीदार होते. बौशरला आमच्या बिल्डिंगमागे खडीचं मैदान आहे. तिथं शुक्रवारी सकाळी टेप लावलेल्या टेनिस बॉलवर क्रिकेट चाले. दुकानवाले, ड्रायव्हर, ऑफिसवाले, सगळे. मी तिथला नामांकित फलंदाज. माझा एक षटकार दोनशे किलोमीटरवर सोहारला सापडला, असं दुकानदारच सांगत, मी फक्त नाकारत नसे. पण गुडघे आणि पोट यांच्यामुळे मी धावत नसे. धावायला मी रनर घेई. आणि माझी रनर म्हणजे ही पोर, तेव्हा नऊ वर्षांची. मी नुसता खेळे, ती माझ्या धावा काढे. तिला मी एकच मंत्र दिला होता, "बॉलरच्या हाताकडे बघू नको, खांद्याकडे बघ. खांदा फिरला की सुट!" चेंडू हातातून सुटेपर्यंत पोर अर्ध्या वाटेवर असे. दुकानदार बॉलिंग करत आणि दर शुक्रवारी ओरडत, "ही चोरी हाय, भाय! खलास! मी नाय टाकणार!" पण टाकत. अंपायर माझ्या ऑफिसचा होता.

हे सगळं मी त्या शनिवारी रंगवून सांगितलं. लोक पोट धरून हसले. साडूंचा चेहरा उतरला, आणि पुढचे सहा शनिवार मी प्रत्येक नव्या पाहुण्याला तेच सांगितलं. पोरीचे पाय माझे आहेत, असं मी एका भटजींनासुद्धा सांगितलं.

मग मे महिना संपत आला. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि पोरीची टीम, तिची काहीही मदत नसताना, जिंकत जिंकत अशा जागी पोचली, की आणखी एक मॅच जिंकली तर देशातल्या शेवटच्या आठांत. ही मॅच रविवारी होती, तिकडच्या सकाळी, म्हणजे आपल्याकडे दिवेलागणीला. यंदा प्रथमच आम्ही एक मॅच चालू असताना बघत होतो. मस्कतला रविवार कामाचा, म्हणून साडूंनी ऑफिसातून अर्धा दिवस घेतला होता. दुकानदारही होते. मेहुणीने गणपतीपुढे दिवा लावला होता आणि साडूंनी 'आमची कन्या' एवढं आधीच टाइप करून ठेवलं होतं.

शेवटची, सातवी इनिंग. दोन्ही टीमची बरोबरी. आपल्या टीमच्या दोन मुली बाद, आणि तीन बाद झाल्या की डाव संपतो. तिसरी, चांगली दणकट, कशीबशी पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या चारांतल्या पहिल्या टप्प्यावर, पोचली आणि लंगडायला लागली. तिच्या जागी पळायला कुणीतरी हवं होतं; कोचबाईने बाकाकडे वळून बोट केलं.

बाकावरून कोपर उठलं. मागोमाग अख्खी पोर उठली.

"आली!" साडू किंचाळले. या वेळी ते सोफ्यावर चढले नाहीत.

पडद्यावर ती पहिल्या बेसवर उभी राहिली, एक पाय बेसवर, गुडघे वाकवून, अगदी खडीच्या मैदानावर राहायची तशी. पिचरने हात फिरवला आणि पोर सुटली. काय सुटली! मागे धूळ राहिली नाही, धूळसुद्धा तिच्यासोबत गेली. फलंदाज पोरीने तो चेंडू लांब, दोन फील्डरांच्या मधून हाणला. आपली दुसऱ्या बेसवरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून घराकडे, म्हणजे फलंदाजाच्या जागेकडे, आणि चेंडू यायच्या आधी पोटावर घसरत तिथल्या प्लेटला हात लावून मोकळी!

जिंकलो. मेहुणी रडत पेढे आणायला धावली. साडूंनी मला मिठी मारली. बावीस वर्षांत पहिल्यांदा. "तुमचे पाय!" ते माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाले, "मान्य! तुमचेच पाय!" मी लोकांकडे बघून हात जोडले. जागा राहिली पोरीची, हे मला त्या क्षणी इतकं लख्ख वाटलं, की मी त्या खेळाला सगळं माफ केलं. रिबिनीसुद्धा.

साडूंच्या ग्रुपवर मेसेज गेला.

आणि पडद्यावर समोरच्या टीमचा कोच शांतपणे अंपायरकडे चालत गेला आणि हाताने हवेत एक चौकोन काढला.

"हे काय?" मी विचारलं.

"व्हिडिओ बघा म्हणतोय," साडू म्हणाले. पेढा त्यांच्या हातातच राहिला. "चेंडू पिचरच्या हातातून सुटेपर्यंत बेस सोडायचा नसतो. सोडला तर आऊट."

"असा नियम आहे?"

"पहिलाच नियम आहे, साडूभाऊ. फेब्रुवारीत सांगितला होता मी."

मी तेव्हा पोहे मागितले होते.

मग तो तुकडा त्यांनी संथ गतीने दाखवला. भिंतीएवढ्या पडद्यावर एका बाजूला पिचरचा हात, दुसऱ्या बाजूला आपल्या पोरीचा बूट. पिचरचा खांदा फिरला. बूट उचलला. हात अजून वर होता, चेंडू अजून मुठीत होता, आणि बूट बेसपासून वीतभर सुटला होता. परत दाखवलं. परत. पोरीची नजर कुठे होती तेही दिसत होतं. हाताकडे नव्हती.

दुकानदार माझ्याकडे झुकले. फक्त मला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "भाय, ह्यो पाय मी वळखतो."

अंपायरने मूठ वर केली. पोर आऊट. धाव रद्द. आठव्या इनिंगला समोरच्यांनी दोन धावा काढल्या आणि आपल्या मुली एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. गाणं प्रथमच थांबलं. कॅमेरा बाकावर फिरला, तेव्हा पोर पूर्ण दिसली, डोक्यापासून पायापर्यंत. कुणी "थांबव" म्हटलं नाही.

पुढचे पंधरा दिवस साडूंनी अंपायर, कॅमेरा, ती कोचबाई आणि सबंध अमेरिका यांना आळीपाळीने धुतलं. कॅमेऱ्याचा कोन चुकला, असं ते येईल त्याला नकाशा काढून समजावत. मी मान डोलवत राहिलो. बोलायला मी उणा नाही. इब्रीपर्यंत ऐकू जाईल असा माझा आवाज आहे. पण त्या पंधरा दिवसांत मी कुणाला माझ्या त्या षटकाराचीसुद्धा गोष्ट सांगितली नाही.

जूनमध्ये पोर सुट्टीला आली. पुढच्या वर्षीच्या यादीत तिचं नाव नाही, हे कोचबाईने तिला समोर बसवून, चांगल्या शब्दांत सांगितलं होतं म्हणे. आम्ही भेटायला गेलो, तर साडू हॉलमध्ये दोन नव्या पाहुण्यांना कॅमेऱ्याचा कोन समजावत होते. पोर आतल्या खोलीत बॅग उपसत होती. तेच बूट बाहेर काढून तिने कपाटाखाली सरकवले.

मी दार लोटून घेतलं. येताना गाडीत मी सबंध भाषण तयार केलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना.

"काय गं," मी म्हणालो, "त्या दिवशी तू खांदा बघितलास ना?"

"हो काका," ती म्हणाली. "तिकडे हात बघायचा असतो."