टोपी खाणारं वावर

नाशिक जिल्ह्यात आमच्या दाजींइतकी माती दुसऱ्या कोणी खाल्ली नसेल. हे मी वाक्प्रचार म्हणून लिहीत नाही. थोरल्या बहिणीचे यजमान, कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक, अंगात कायम इस्त्रीचा शर्ट. असा माणूस रस्त्याकडेला वाकतो, चिमूटभर माती उचलतो, आधी हुंगतो आणि मग जिभेवर ठेवतो, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे. मग दुसरी चिमूट समोरच्याच्या नाकाशी. "सांग, कसला वास?" मी वर्तमानपत्रात दुसऱ्यांच्या बातम्या तपासत असे, आणि विशेषणं कापण्याची सवय नाकापर्यंत पोचली होती. "मातीचा," मी सांगायचो. "अरे, मातीला वास नसतो! हा तिच्यात राहणाऱ्यांचा वास! या चिमटीत नाशिकपेक्षा मोठी वस्ती आहे, आणि हा म्हणतो मातीचा! पेपरवाल्यांना नाकच नसतं."

नव्वदच्या दशकात त्यांच्या घरचा फ्रिज उघडायला नवा पाहुणा एकदाच धजत असे. श्रीखंडाच्या डब्यात पेठच्या उतारावरची माती, आइस्क्रीमच्या डब्यात चांदवडच्या कांद्याच्या वाफ्यातली, आणि खरं श्रीखंड ताईने शेजारणीच्या फ्रिजमध्ये ठेवलेलं. बनियन तर त्या घरात टिकतच नसत. जिवंत माती सुती कापड खाते, आणि किती खाल्लं यावरून तिच्यातल्या जिवाणूंची भूक कळते, हे दाजींचं लाडकं शास्त्र. त्यामुळे जातील तिथे ते एक बनियन पुरून येत. देवळाली कॅम्पात लष्करी कुंपणाजवळ ते खुरप्यानं खड्डा घेत असताना एका जवानानं हटकलं. "क्या गाड़ रहे हो?" "बनियान," दाजींनी खरं ते सांगितलं. याहून संशयास्पद उत्तर त्या जवानानं बहुधा ऐकलं नसावं. ताई मला घेऊन तिथे पोचली, तेव्हा दाजी खुर्चीवर बसून एका सुभेदारसाहेबांना मातीचा वास देत होते आणि साहेब डोळे मिटून म्हणत होते, "गाँव की याद आ गई, प्रोफेसर साहब." मला ते कधी जमलं नाही.

पण दाजींचा खरा जीव चुनखडीवर. आपले डोंगर काळ्या कातळाचे. ज्या मुलखात डोंगरच चुनखडीचे असतात, पाणी दगड विरघळवत खाली गुहा कोरतं आणि वर जेमतेम वीतभर माती उरते, त्या मुलखाबद्दल ते जेवढ्या प्रेमानं बोलत तेवढ्या प्रेमानं सासुरवाडीबद्दल कधी बोलले नाहीत. एकदा तिरुपतीला म्हणून ताईला घेऊन निघाले आणि वाट वाकडी करून तिला आंध्रातल्या चुनखडीच्या गुहा दाखवून आणल्या. बालाजीचे लाडू तिने मांडीवर धरून आणले, कारण सुटकेस मातीनं भरली होती. "एवढ्याशा मातीवर जंगल उभं राहतं, कसं?" ते जेवता जेवता उठून उभे राहत. "स्फुरद आहे, लोह आहे, पण चुन्यानं धरून ठेवलेलं. ताट वाढलंय आणि वर झाकण! ते झाकण जिवाणू उचलतात. पान पडलं, एकानं खाल्लं, त्यानं टाकलेलं दुसऱ्यानं खाल्लं, उरलेलं मुळानं उचललं, की पुन्हा पान! तुझ्या ताईकडेसुद्धा शिळ्या पोळीची इतकी चोख सोय लागत नाही."

"मग जेवायला तिकडेच जा," आतून ताईचा आवाज येई.

चुनखडीच्या मातीवर आंबट पडलं की फेस येतो, म्हणून त्यांच्या खिशात लिंबू असायचं. चांदवडच्या एका लग्नात ते घरी विसरलं. दाजींनी पानातली लिंबाची फोड जमिनीवर पिळली आणि फेस दिसताच "आली! आली!" असे ओरडले की वाजंत्र्यांनी नवरीकडची मंडळी आली समजून वाजवायला सुरुवात केली.

असा फेस येणारं एक वावर त्यांच्या घरचंच होतं. निफाडजवळच्या गावात थोरले भाऊ आबा शेती बघत. खालची जमीन काळी, द्राक्षानं लगडलेली. वरचं वावर चुनखडीचं. गाव त्याला 'पांढरं' म्हणे. आबांनी तिथेही द्राक्ष लावून पाहिलं. पानं नुसत्या शिरा हिरव्या ठेवून पिवळी पडली, वेली खुरटल्या. अखेर एका श्रावणात आबांनी ठरवलं की दसरा झाला की डंपर लावायचे आणि पांढरं वावर रस्त्याच्या भरावासाठी खणून द्यायचं. दाजींना हे कळलं तेव्हा ते तास अर्धा टाकून एसटीत बसले. बरोबर मला घेतलं. पेपरवाला दिसला की आबा नरमतील असा त्यांचा अंदाज होता. आबा नरमले नाहीत.

"मेलेली माती हाय ती," पारावर चार माणसांदेखत त्यांनी सांगितलं. "तिच्यात कुसळ उगवत नाय."

"मेली नाहीये आबा, उपाशी आहे! सुती कापड पुरून बघा, दसऱ्यापर्यंत खाऊन टाकेल. हे बघा, मी बनियन आणलंय."

"तुझं बनियन नको. ते तू घरूनच कुजवून आणशील." आबांनी डोक्यावरची टोपी काढली. आबांची टोपी हा गावात आदराचा विषय होता. शुद्ध खादी, कडक खळ; खादीवर ते दर पंधरा ऑगस्टला शाळेत भाषण करत. "ही पूर. तुझ्या पांढऱ्यानं ही खाल्ली तर वावर राहील. नाय खाल्ली तर डंपर. आन् मधी वरून काय टाकायचं नाय."

आबांच्या पत्नी, आमच्या वहिनी, काहीतरी बोलायला पुढे झाल्या आणि थांबल्या. त्याची नोंद तेव्हा कोणी घेतली नाही.

पोळ्याला टोपी पुरली. त्यानंतर दर रविवारी दाजी एसटीनं जाऊन त्या जागेशेजारी बसून येत. "अंडी उबवतायत," ताई सांगायची. दसऱ्याला सोनं वाटण्याआधी निम्मं गाव वरच्या वावरात जमलं. दाजींनी खुरपं माझ्या हातात दिलं. टोपी निघाली. अख्खी. घडीसकट.

"संपलं," आबा म्हणाले. आवाजात आनंद नव्हता.

दाजी चिखलातच बसले. शेवटी, जिनं आयुष्यभर बनियन पुरलेली सोसली, ती ताई पुढे झाली. "निदान धुऊन तरी द्या त्यांची त्यांना," म्हणत तिने टोपी बादलीत बुचकळली, झटकली आणि उन्हात धरली. टोपीच्या आरपार बांधावरचा लिंब दिसला. लिंबाखाली उभे असलेले आबाही दिसले. टोपी नव्हती ती. टोपीच्या आकाराची मच्छरदाणी होती.

दाजी ताडकन उठले. एक धागा ओढून त्यांनी काडी लावली. धागा जळला नाही, वितळून त्याची गोळी झाली. "खाल्लं!" ते किंचाळले. "खाण्यासारखं होतं तेवढं सगळं खाल्लं! सूत खाल्लं आणि प्लास्टिकचा धागा पानात टाकला! आबा, ही खादी नाहीये, टेरिकॉट आहे!"

मग सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं.

"बघता काय?" वहिनी कडाडल्या. "रोज खळ करा, टोपी बुडवा, वाळवा, इस्त्री करा. मनगट गेलं माझं. किती वर्सं झाली टेरिकॉट आणतीये. भाषणं केली ना तिच्यावर? कळलं का तुम्हाला?"

आबांनी डोक्यावरची टोपी काढली, उन्हाकडे धरून पाहिली आणि परत घातली. मग हसायला लागले, ते थांबेचनात. "मला कळलं नाय, गावाला कळलं नाय," डोळे पुसत ते म्हणाले, "आन् ह्या मातीला कळलं. हिला मेलेली कशी म्हनू? डंपरवाल्याला नाय म्हनून सांगा." दाजींना ती जाळी कॉलेजात काचेत लावायची होती. आबांनी ती परत तिथेच पुरायला लावली. "प्लास्टिक आहे आबा, ते कुजायचं नाही." "मग ऱ्हाऊ दे. वावर राखील."

दाजींनी तिथे द्राक्षाचा हट्ट सोडून सीताफळ लावलं, पडलेलं पान कोणाला उचलू दिलं नाही, आणि पांढऱ्या वावराचा वरचा थर हळूहळू तपकिरी होत गेला. गाव अजूनही त्याला पांढरंच म्हणतं. दोन हजार साल उलटल्यावर आबा गेले. पुढे दाजी निवृत्त झाले, आणि एका हिवाळ्यात त्यांचं नाक गेलं. वयानं जातं, डॉक्टर म्हणाले. कुठली माती कुठली हे वासानं कळेना म्हणून डब्यांवर चिठ्ठ्या लावाव्या लागल्या, तेव्हापासून त्यांनी नवी माती आणणं बंद केलं.

मागे आम्ही दोघं त्या वावरात गेलो होतो. दाजी सीताफळाखाली वाकले, मूठभर माती घेतली आणि सवयीनं नाकाशी नेली. मग हात माझ्याकडे केला.

"सांग."

"ओलसर. पालापाचोळ्याचा."

"बातमी नको देऊस रे."

मी डोळे मिटले आणि पुन्हा हुंगलं. बराच वेळ.

"आबांच्या टोपीचा," मी म्हणालो.

दाजींनी मूठ मिटली. "म्हणजे आहेत," ते म्हणाले. "आहेत सगळे अजून."